फॉलोअपला न आलेले रुग्ण आणि सामायिक रजिस्ट्री: एका बीएमटी युनिटचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या बीएमटी युनिटचे, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागाचे आहे. रुग्णांची ओळख पटू शकेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

युनिट लहान आहे. मायलोमा आणि लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगांसाठी रुग्णाच्याच मूलपेशी वापरून केलेली ऑटोलोगस प्रत्यारोपणे जास्त. ल्युकेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया (मज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही तो आजार) आणि थॅलेसेमियासाठी भावंडाच्या किंवा आईवडिलांच्या मूलपेशी देऊन केलेली ॲलोजेनिक प्रत्यारोपणे त्या मानाने कमी. रुग्ण सोलापूर, बीड, लातूर, कोकण, सीमेपलीकडचा बेळगाव भाग इथून येतात. बहुतेकांचा खर्च ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी आणि नातेवाइकांनी विकलेले काहीतरी यांतून भागतो. प्रत्यारोपणानंतरचे पहिले शंभर दिवस ते रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहतात, मग गावी जातात. पुढच्या तपासण्यांना येण्याचे प्रमाण एसटीचे भाडे, पेरणी-काढणी आणि मुलांच्या परीक्षा यांवर ठरते.

भारतात पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. किडनी-लिव्हरसारख्या अवयवांसाठी १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद झाली. अस्थिमज्जेच्या क्षेत्रात मात्र परिणामांच्या नोंदी ठेवण्याचे काम मुख्यतः डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या संघटनांनी उभे केले. अमेरिकेत १९७२ पासून आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली आणि २००४ मध्ये तिचे आजच्या सीआयबीएमटीआरमध्ये रूपांतर झाले. युरोपात ईबीएमटी ही अशीच संघटना १९७४ पासून आहे. भारतातल्या केंद्रांची माहिती आयएसबीएमटी ही संघटना गोळा करते. दात्यांची नोंदवही वेगळी आणि ही वेगळी, हे नातेवाइकांना प्रत्येक वेळी सांगावे लागते. दात्यांच्या नोंदवहीत मूलपेशी द्यायला तयार असलेल्यांची नावे असतात. या रजिस्ट्रीत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे पुढे काय झाले ते असते.

ते का लिहायचे, याचे उत्तर साधे आहे. एका युनिटमध्ये अप्लास्टिक ॲनिमियाचे रुग्ण वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तेवढ्यावरून कुणालाच ठरवता येत नाही की कोणती औषधे देऊन मज्जा रिकामी करावी, आईच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी घ्याव्यात की भावंडाची वाट पाहावी. अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र आल्या तरच पुढच्या मुलाच्या आईवडिलांना आपल्याकडचे काही ठोस सांगता येते.

अडचण

युनिटने सामायिक रजिस्ट्रीत सहभागी व्हायचे ठरवले तेव्हा पहिली अट समोर आली: प्रत्यारोपण झालेला प्रत्येक रुग्ण क्रमाने, एकही न वगळता भरायचा. पुढच्या रुग्णांबरोबर मागच्या काही वर्षांचेही रुग्ण द्यायचे होते. अट रास्त आहे. चांगले निकाल निवडून पाठवणाऱ्या केंद्रांची नोंदवही कुणाच्या कामाची नाही.

फाइली उघडल्यावर तीन गोष्टी दिसल्या. जुन्या संमतीपत्रात प्रत्यारोपणाची संमती होती, माहिती बाहेर पाठवण्याची नव्हती. रजिस्ट्रीला लागणारे काही तपशील डॉक्टरांच्या नोंदींत नव्हते. आणि बरेच रुग्ण पहिल्या वर्षानंतर ओपीडीत आलेलेच नव्हते. ते जिवंत आहेत की नाहीत हे फाइलवरून कळत नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. तिचा परिणाम किती होतो हे बैठकीत फळ्यावर मांडून पाहिले, आणि तिथून सगळ्यांचा सूर बदलला. समजा, एका वर्षी दहा जणांचे प्रत्यारोपण झाले. सहा जण दोन वर्षे नियमित आले. चौघे सहाव्या महिन्यानंतर आले नाहीत. त्यांतला एक चौदाव्या महिन्यात घरी वारला, बाकी तिघे ठणठणीत आहेत. खरा दोन वर्षे जगण्याचा दर ९० टक्के. फाइलवरूनच फॉर्म भरला तर हे चौघे सहाव्या महिन्यात गणतीतून बाहेर पडतात आणि दर १०० टक्के दिसतो. मृत्यूची बातमी कुणीतरी कळवली म्हणून तेवढीच भरली आणि बाकी तिघांना जुन्याच तारखेवर ठेवले, तर चौदाव्या महिन्यात गणतीत सातच जण उरतात, त्यांतला एक जातो, आणि दर ८६ टक्के होतो. चौघांचीही चौकशी केली तरच ९० मिळतात. म्हणजे अर्धवट चौकशीने आकडा दोन्ही बाजूंना खोटा होऊ शकतो, आणि भरणाऱ्या माणसाने एकही खोटी ओळ लिहिलेली नसते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मागचे सोडून आजपासून सुरुवात करायची. काम सोपे, संमतीचा प्रश्न नाही. पण मागच्या वर्षांतले निम्मेअधिक ॲलोजेनिक रुग्ण मदतनिधीवर उपचार घेतलेले होते. त्यांच्याकडून शिकलेले सगळे फाइलींतच राहिले असते.

दुसरा पर्याय, जे रुग्ण ओपीडीत येतात त्यांच्याकडून सही घेऊन तेवढेच भरायचे. हा बैठकीत बऱ्याच जणांना पटला होता आणि दिसायला तो सर्वांत प्रामाणिकही आहे. पण जो येतो तो जगलेला असतो, बहुधा बरा असतो, आणि बहुधा त्याचे घर जवळ असते. केवळ त्यांची नोंद पाठवणे म्हणजे मृतांना आणि लांबच्यांना वगळणे.

तिसरा, फाइलीवरून सगळे भरायचे आणि न आलेल्यांना 'जिवंत, शेवटची भेट अमुक तारखेला' असे लिहायचे. नियमात हे बसते. वर मांडलेले गणित पाहिल्यावर कुणी त्याचा आग्रह धरला नाही.

चौथी सूचना दबक्या आवाजात आली, पण आली: काही वाईट झाले असते तर नातेवाइकांनी कळवले असते, तेव्हा न आलेल्यांना आजच्या तारखेला जिवंत धरावे. ही सूचना देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. रजिस्ट्रीच्या पडद्यावर रिकामे चौकोन लाल दिसतात आणि लाल चौकोन माणसाला टोचतात. युनिटप्रमुखांनी तिथल्या तिथे नाही म्हटले. त्यांच्या नकारामुळे एक नियम तयार झाला: 'माहीत नाही' हे अधिकृत उत्तर आहे आणि ते लिहायला कुणाची परवानगी लागणार नाही.

शेवटी ठरले ते पाचवे: सगळे रुग्ण, क्रमाने, आणि आधी प्रत्येक न आलेल्या रुग्णाचा शोध. यासाठी डेटा एंट्रीला अर्धवेळ माणूस आणि वैद्यकीय समाजसेविकेचे आठवड्यातले ठरावीक तास मागितले. ट्रस्टने वर्षभरासाठी मंजूर केले.

संमतीचा निर्णय

प्रकरण नैतिकता समितीकडे गेले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी तरतूद आहे की जुन्या, ओळख काढलेल्या नोंदींवरचे काम संमतीशिवाय करणे व्यवहारात आवश्यक असेल आणि धोका नगण्य असेल तर समिती संमतीची अट शिथिल करू शकते. समितीने सरसकट सूट दिली नाही. मृत रुग्ण आणि लेखी पुरावा राहील असे प्रयत्न करूनही न सापडलेले रुग्ण, यांच्यापुरती ती दिली. जे सापडतील त्यांची संमती घ्यायचीच. कुणी नाही म्हटले तर वैयक्तिक माहिती पाठवायची नाही; 'एक प्रत्यारोपण झाले' एवढी मोजणी जाईल.

माझ्या मते हा संपूर्ण प्रकरणातला सर्वांत नीट विचार करून घेतलेला निर्णय होता. सरसकट सूट मिळाली असती तर शोध घेण्याचे निम्मे कारण संपले असते.

नवे संमतीपत्र मराठीत आधी लिहिले गेले, इंग्रजीत नंतर. त्यात नाव जाणार नाही, आद्याक्षरे, लिंग आणि जन्मतारीख जाईल, हे पहिल्या परिच्छेदात ठेवले. संमती मागे घेता येते हेही स्पष्ट लिहिले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हा हक्क आहे. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची सही, सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढच्या मुलाचा लेखी होकार. ज्या थॅलेसेमियाच्या मुलांचे प्रत्यारोपण लहानपणी झाले आणि जी आता अठरा ओलांडून गेली आहेत, त्यांची स्वतःची नवी संमती.

शोध कसा घेतला

फोन हाच पहिला मार्ग होता आणि तिथेच पहिला प्रश्न उभा राहिला. रुग्णालयाच्या लँडलाइनवरून फोन केला की ट्रूकॉलरमुळे समोरच्याच्या पडद्यावर बीएमटी ओपीडीचे नाव येत होते. फोन रुग्णाच्याच हातात असेल असे नाही. म्हणून साधा मोबाइल नंबर घेतला, आणि समाजसेविकेने बोलण्याचा क्रम ठरवला. स्वतः रुग्ण बोलत असल्याची खात्री होईपर्यंत रुग्णालयाचे नाव घ्यायचे नाही. दुसऱ्या कुणी उचलला तर 'ताईंशी बोलायचं होतं, नंतर करते' एवढेच.

हा नियम का हवा होता हे लवकरच दिसले. अप्लास्टिक ॲनिमियासाठी भावाच्या मूलपेशी मिळालेली एक तरुणी काही वर्षांपासून ओपीडीत आली नव्हती. फाइलमधला नंबर वडिलांचा होता. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी चांगली आहे. लग्न झालंय. पण सासरी फोन करू नका, त्यांना फक्त भावाचं रक्त दिलं होतं एवढंच ठाऊक आहे." सासरचा पत्ता मिळवणे कठीण नव्हते, गावातल्या आशाताईंना विचारले असते तर दुपारपर्यंत निरोप आला असता. तसे न करण्याचा निर्णय झाला. आशाताईंमार्फत चौकशी हा मार्ग त्यानंतर पूर्णच बंद केला, कारण घरी कुणी विचारायला आले हे वाडीत सगळ्यांना कळते. फक्त ज्या रुग्णांनी स्वतः आशाताईंचा नंबर दिला होता त्यांचा अपवाद.

वडिलांचे बोलणे संपर्क धरायचा का? रजिस्ट्रीच्या नियमात जवळच्या नातेवाइकाने दिलेली माहिती चालते. त्या दिवसाची तारीख, 'जिवंत', माहितीचा स्रोत कुटुंब, अशी नोंद आमच्या यादीत झाली. दीर्घकालीन जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, आहे का या रकान्यात 'माहीत नाही'. 'पोरगी चांगली आहे' यावरून 'जीव्हीएचडी नाही' असे लिहायचा मोह होतो. पण कोरडे डोळे आणि तोंडातले व्रण वडिलांना मुलगी सांगेलच असे नाही. फॉर्म मात्र रजिस्ट्रीकडे पाठवला नाही. ती सापडलेली होती, म्हणून संमती तिचीच लागणार होती.

दिवाळीला माहेरी आल्यावर तिने स्वतः फोन केला. तिचा पहिला प्रश्न होता, "नाव जातं का?" काय जाते ते तिला फॉर्म वाचून सांगितले. तिने होकार दिला आणि अट घातली की यापुढेही फोन वडिलांकडेच यावा. नंतर ती ओपीडीत येऊन सही करून गेली. प्रत्यारोपणानंतर लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, त्या तिच्या राहिल्या होत्या; थायरॉइडही तपासायचे होते. दोन्ही तेव्हा झाले. त्या दिवसापासून युनिटच्या स्वतःच्या यादीत एक रकाना वाढला: संपर्क कुणाशी, कोणत्या वेळी, काय बोलायचे नाही.

ज्यांचे फोन बंद होते त्यांना रुग्णालयाचे नाव नसलेल्या बंद पाकिटातून पत्रे गेली. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हंगाम संपेपर्यंत थांबणे हाच उपाय ठरला. उन्हाळ्यात लावलेले फोन लागले.

फाइलीत नसलेले तपशील

इथे परिचारिकांनी युनिटला वाचवले. तीव्र जीव्हीएचडीची श्रेणी ठरवायला त्वचा, यकृत आणि आतडे यांची वेगवेगळी पायरी लागते. रेसिडेंट डॉक्टरांच्या नोंदीत 'पुरळ आहे, जुलाब आहेत, स्टिरॉइड सुरू' एवढेच असे. पण सिस्टरांच्या इनटेक-आउटपुट चार्टवर प्रत्येक पाळीत जुलाबाचे मिलिलिटर लिहिलेले होते. प्रौढ रुग्णात दिवसाला ५०० मिलिपेक्षा जास्त म्हणजे आतड्याची किमान पहिली पायरी. बिलिरुबिन प्रयोगशाळेच्या संगणकात होते; २ च्या वर गेले की यकृताची पहिली पायरी. या दोन्हींपैकी काहीही जीव्हीएचडीमुळेच झाले असेल तर एकूण श्रेणी किमान दुसरी ठरते. तसे ते जीव्हीएचडीमुळेच होते की संसर्ग-औषधांमुळे, हे डेटा भरणाऱ्याने ठरवायचे नाही. ते चार्ट घेऊन गुरुवारच्या बैठकीत सल्लागार डॉक्टरांसमोर ठेवायचे. त्वचेचा किती भाग व्यापला होता हे बहुतेक जुन्या फाइलींत नव्हते. तिथे 'माहीत नाही' गेले.

पेशी रुजल्याच्या तारखेतही गोंधळ होता. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की त्यातला पहिला दिवस धरायचा. डिस्चार्ज कार्डांवर काही डॉक्टरांनी पहिला तर काहींनी तिसरा दिवस लिहिला होता. सगळ्या तारखा रक्ततपासणीच्या अहवालांवरून नव्याने काढल्या.

आणि मग एक जूनचा प्रश्न. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली माणसे महाराष्ट्रात किती आहेत हे सांगायला नको. मायलोमाच्या दोन रुग्णांची आद्याक्षरे, वर्ष आणि १ जून ही तारीख जुळली, आणि रजिस्ट्रीच्या प्रणालीने दुसऱ्याला 'आधीच नोंदलेला' म्हणून अडवले. तारीख २ जून केली असती तर फॉर्म लगेच पुढे सरकला असता. पण तोच रुग्ण उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या प्रत्यारोपणाला गेला तर तिथे त्याची जुनी नोंद सापडणार नाही आणि एकाच माणसाचे दोन रुग्ण होतील. तारीख कागदपत्रांवर आहे तीच ठेवली, रजिस्ट्रीच्या मदतकक्षाला लिहिले, दोघे वेगळे असल्याचे त्यांनी तपासून मान्य केले. फॉर्म त्या दरम्यान अडकून राहिला; राहू दिला.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांसाठीही असाच नियम केला: आद्याक्षरे प्रत्यारोपणाच्या वेळच्या कागदावरची, कायमची.

निष्पत्ती

मागच्या वर्षांतली सर्व प्रत्यारोपणे रजिस्ट्रीत गेली. न आलेल्यांपैकी बहुतेकांचा ठावठिकाणा लागला; काहींचा लागला नाही आणि ते शेवटच्या भेटीच्या तारखेवरच राहिले, प्रयत्नांच्या नोंदीसह. मोजक्या रुग्णांनी संमती नाकारली; त्यांची फक्त मोजणी गेली. त्यातल्या एकाने कारण दिले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

शोधात कळलेल्या मृत्यूंमुळे ॲलोजेनिक गटाचा जगण्याचा दर युनिट आजवर सांगत होते त्यापेक्षा खाली आला. ऑटोलोगस गटाचा जवळपास तसाच राहिला. रुग्णालयाच्या माहितीपत्रकावर जुना आकडा छापलेला होता. व्यवस्थापनाचे म्हणणे होते की पत्रके संपेपर्यंत चालू द्यावीत, देणगीदारांनाही तीच जातात. युनिटने उत्तर दिले की हे पत्रक वाचून एखादे कुटुंब शेत गहाण टाकते. पत्रके मागे घेतली गेली. नव्या पत्रकात आजारानुसार वेगळी माहिती आहे, आणि रुग्णसंख्या कमी असल्याने आकडा वरखाली होऊ शकतो हे सोप्या शब्दांत दिले आहे.

उशिराच्या मृत्यूंपैकी काही संसर्गामुळे झाले होते, गावी, ताप आल्यावर स्थानिक दवाखान्यात एकदोन दिवस गेल्यानंतर. हे फाइलींतून कधीच कळले नसते. आता घरी जाताना रुग्णाला एक लॅमिनेट केलेले कार्ड दिले जाते: प्रत्यारोपण झाले आहे, ताप आल्यास त्याच दिवशी या नंबरवर फोन करावा. कार्डाची दुसरी बाजू गावच्या डॉक्टरांसाठी आहे.

वेगळे काय करता येईल

रजिस्ट्रीची संमती प्रत्यारोपणाच्या संमतीबरोबर घेतली की सही पटकन मिळते, कारण त्या दिवशी कुटुंब कशालाही सही करते. म्हणूनच ती वेगळ्या दिवशी घ्यावी असे मला वाटते. शंभराव्या दिवसाच्या भेटीला, रुग्ण स्वतः खुर्चीत बसून बोलू शकतो तेव्हा, ती पुन्हा वाचून दाखवली तर तिला अर्थ येतो. युनिट सध्या दाखल करताना सही घेते आणि शंभराव्या दिवशी उजळणी करते. मृत्यू आधीच झाला तर उजळणीविना नोंद जाते. यावर समितीचे अजून एकमत नाही.

जीव्हीएचडीच्या पायऱ्या आता रोजच्या राउंडच्या कागदावरच छापल्या आहेत, त्यामुळे नंतर चार्ट उलगडत बसावे लागत नाही. हे रजिस्ट्रीत यायच्या आधीही करता आले असते आणि त्यासाठी एक पैसाही लागला नसता. नवे युनिट सुरू करणाऱ्यांनी पहिल्या रुग्णापासून हा कागद ठेवावा.

वार्षिक फोन कोण करणार हा प्रश्न सुटलेला नाही. मंजूर झालेली जागा वर्षापुरती होती. रजिस्ट्रीला दरवर्षी प्रत्येक जिवंत रुग्णाची खबर लागते, आणि रुग्ण जगत गेले की यादी दरवर्षी लांबत जाते. संशोधन निधीतून हा पगार देता येतो, पण तो निधी संपतो. हे काम ओपीडीचा भाग मानून समाजसेवा विभागाच्या कायम जागेत घालावे, असा प्रस्ताव ट्रस्टकडे आहे. प्रस्तावाला शोधात सापडलेल्या रुग्णांच्या राहिलेल्या लसी आणि तपासण्यांची यादी, नावांशिवाय, जोडली आहे.